थेरेसा मे यांनी पक्षातला अविश्वास ठराव जिंकला होता, तरी सहा महिन्यांत पंतप्रधानपद का सोडावं लागलं? ब्रिटनमधे बहुमताला किंमत नाही का?

किंमत आहे, आणि त्या गेल्या त्या संसदेत बहुमत नसल्यामुळेच. तुम्ही म्हणताय की डिसेंबर २०१८ ला २०० विरुद्ध ११७ असा ठराव त्यांनी जिंकला, नियमाप्रमाणे पुढे वर्षभर कोणाला दुसरा ठराव आणता येणार नव्हता, मग मे महिन्यात राजीनामा कशाला. तर २०० विरुद्ध ११७ हे बहुमत फक्त त्यांच्या पक्षातलं होतं, संसदेतलं नव्हतं. पक्षात ११७ जण विरोधात असले तरी नेता टिकतो, पण ६५० जणांच्या सभागृहात स्वतःचे शंभरच्या वर खासदार उलटले तर कुठलाच कायदा पास होत नाही. सगळी गोष्ट याच दोन आकड्यांमधे आहे, बाकी तपशील सांगतो कारण तो कळल्याशिवाय हे पटणार नाही.

हुजूर पक्षात, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात, नेता काढायची पद्धत अशी की १९२२ कमिटी नावाची बॅकबेंच, म्हणजे मंत्री नसलेल्या, खासदारांची एक समिती आहे (स्थापना १९२३ ची आहे बरं का, १९२२ च्या निवडणुकीत निवडून आलेल्यांनी केली म्हणून हे नाव), तिच्या अध्यक्षाकडे त्या काळी १५ टक्के खासदारांनी अविश्वासाची पत्रं दिली की मतदान लागायचं. तेव्हा पक्षाचे ३१५ खासदार होते म्हणजे ४८ पत्रं हवी होती. पत्रं गुप्त, किती जमली ते फक्त अध्यक्षाला माहीत, तेव्हा सर ग्रॅहॅम ब्रेडी होते. हा माणूस महिनोन्महिने पत्रकारांसमोर तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आणि मतदानात समोर दुसरा उमेदवार नसतो, फक्त विश्वास आहे की नाही एवढंच. हा नियम १९९८ नंतरचा. त्याआधी कोणीतरी समोर उभं राहावं लागायचं. १९९० ला थॅचर बाईंसमोर पक्षातलेच हेझल्टाइन उभे राहिले, बाईंना २०४ आणि त्यांना १५२ मतं पडली, बाई पुढे होत्या पण नियमाला लागणारी आघाडी चार मतांनी हुकली आणि दोन दिवसांत त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या भांडणाच्या मुळाशीही युरोपच होता. १९९५ ला जॉन मेजर यांनी स्वतःच नेतेपदाचा राजीनामा देऊन पक्षातल्या विरोधकांना या म्हटलं, रेडवूड यांना २१८ विरुद्ध ८९ असं हरवलं, तेही युरोपवरूनच. म्हणजे हा रोग त्या पक्षात जुना आहे.

आता मे बाईंचं. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या, म्हणजे ब्रेक्झिटच्या, बाजूने मत दिलं, तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन गेले, मे बाई आल्या. त्या स्वतः राहण्याच्या बाजूच्या होत्या पण लोकांनी सांगितलंय ते करणार म्हणाल्या. मग २०१७ मधे मुदतीच्या आधी निवडणूक घेतली आणि बहुमतच घालवून बसल्या, ३१७ जागा आल्या. तिथून पुढे उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर सरकार. माझ्या मते त्यांचं पद त्याच रात्री निम्मं गेलं होतं, नंतरचं सगळं त्याचे परिणाम.

नोव्हेंबर २०१८ मधे त्यांनी ब्रसेल्सशी, म्हणजे युरोपियन युनियनशी, बाहेर पडायचा करार केला, ५८५ पानांचा. त्यातला बॅकस्टॉप सगळ्यांच्या घशात अडकला. आयर्लंडच्या दोन भागांच्या मधे (उत्तरेचा ब्रिटनमधे, बाकीचा स्वतंत्र देश) तपासणी नाके नकोत हे ठरलेलं, कारण तिथे तीस वर्षं रक्त सांडलंय आणि १९९८ च्या कराराने शांतता आलीय. मग दुसरा उपाय सापडेपर्यंत अख्ख्या ब्रिटनने युरोपच्या कस्टम्स व्यवस्थेत राहायचं असं ठरलं, आणि त्यातून एकतर्फी बाहेर पडायची सोय नव्हती. ब्रेक्झिटवाल्यांना वाटलं ही कायमची कैद. डीयूपीला वाटलं आपल्याला बाकीच्या ब्रिटनपासून वेगळं काढतायत. राहण्याच्या बाजूच्यांना वाटलं एवढ्यासाठी बाहेर पडायचं तर राहिलेलंच काय वाईट. तिन्ही गटांची कारणं वेगळी आणि मत एकच, नको. १५ नोव्हेंबरला ब्रेक्झिट मंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला, त्याच दिवशी आणखी काहींनी दिला, त्यात सुएला ब्रेव्हरमन होती जिच्या वडलांचं मूळ गोव्याचं. ब्रेक्झिटवाले खासदार जेकब रीस-मॉग यांनी त्याच दिवशी आपलं अविश्वासाचं पत्र दिलं आणि कॅमेऱ्यांसमोर तसं सांगितलं. दोन-चार दिवसांत ४८ होणार अशी हवा झाली, पण झाले नाहीत. डोळ्यासमोर आलेलं बंड फुसकं निघालं आणि मे बाईंना आणखी तीन आठवडे मिळाले.

गोवा म्हटलं म्हणून सांगतो, मला या सगळ्यात एवढा रस का. माझ्या बहिणीचं सासर गोव्याचं, तिचे दीर-जाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधे स्विंडनला राहतात. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं आणि त्या पासपोर्टवर युरोपियन युनियनमधे कुठेही, म्हणजे तेव्हा ब्रिटनमधेही, राहून काम करता यायचं, म्हणून स्विंडन, साउथॉल इकडे गोव्याची कितीतरी घरं आहेत. मे बाईंच्या त्या करारात आधीपासून राहणाऱ्या युरोपियन नागरिकांच्या हक्कांचा एक अख्खा भाग होता. लंडनच्या खासदारांना बॅकस्टॉप दिसत होता, आमच्या लोकांना तो भाग दिसत होता. करार पडला की घरात फोन चालू, आता काय, राहता येणार का, पोरांच्या शाळेचं काय. म्हणून हे आकडे मला अजून पाठ आहेत.

डिसेंबरचा तो आठवडा बघा. ११ तारखेला कराराचं मतदान ठरलेलं. १० ला बाईंनी सभागृहात उभं राहून सांगितलं की मतदान पुढे ढकलते, कारण मोठ्या फरकाने हरलो असतो. ११ ला त्या युरोपच्या नेत्यांकडे सवलती मागायला गेल्या, हेग, बर्लिन, ब्रसेल्स एका दिवसात. बर्लिनला मर्केल बाई लाल गालिच्यावर उभ्या आणि मे बाईंच्या गाडीचं दार उघडेना, आत बसलेल्या त्या बाहेर बघतायत आणि एक माणूस हँडल ओढतोय, हे सगळ्या चॅनेलवर दिसलं. त्याच संध्याकाळी त्या लंडनला परतल्यावर ब्रेडी यांनी सांगितलं की ४८ पत्रं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐलान, संध्याकाळी मतदान, इतकं झटपट. बाईंनी सकाळी घराबाहेर उभं राहून सांगितलं की सर्व ताकदीनिशी लढणार आणि नेता बदलला तर ब्रेक्झिट लांबेल किंवा रद्द होईल. डब्लिनला जायचं ठरलेलं ते रद्द केलं.

मतदान संसदेतल्या कमिटी रूम १४ मधे झालं, संध्याकाळी सहा ते आठ, गुप्त. पक्षाने गैरवर्तनाच्या आरोपांवरून निलंबित केलेल्या दोन खासदारांना त्याच दिवशी परत घेतलं, आणि त्यावर टीका झाली ती योग्यच होती, एकेक मत मोजायचं म्हणून असल्या गोष्टी करतात हे मला तेव्हाही पटलं नाही. मतदानाआधी बाईंनी खासदारांना सांगितलं की पुढची निवडणूक मी लढवणार नाही. म्हणजे ठराव जिंकायच्या आधीच पद सोडायचं कबूल करून टाकलं, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. रात्री नऊला ब्रेडी यांनी निकाल वाचला, २०० विश्वास, ११७ अविश्वास.

आता या २०० मधे मंत्री, राज्यमंत्री, त्यांचे संसदीय सचिव असे सरकारी पगारावरचे किंवा सरकारला बांधलेले शंभराहून जास्त लोक असणार. मतदान गुप्त असल्यामुळे कोणी काय केलं ते सांगता येत नाही, पण ते बाजूला काढले तर बॅकबेंचवर बाईंच्या विरोधातले जास्त होते हे रीस-मॉग यांनी त्याच रात्री म्हटलं आणि गणित म्हणून ते चुकीचं नव्हतं.

मग १५ जानेवारी २०१९ आली. करार सभागृहात मतदानाला टाकला, २०२ बाजूने आणि ४३२ विरोधात. २३० मतांनी हार, आधुनिक काळात तिथल्या कुठल्याही सरकारची सगळ्यात मोठी. पक्षाचे किती खासदार विरोधात गेले? ११८. डिसेंबरला ११७, जानेवारीला ११८. दोन्ही वेळी तेच लोक नव्हते हे नक्की, कारण ११८ मधे डॉमिनिक ग्रीव्ह यांच्यासारखे राहण्याच्या बाजूचेही होते. पण आकार तेवढाच. पक्षाच्या खोलीत ज्या फरकाने त्या वाचल्या, सभागृहात तेवढीच माणसं बाहेर पडली आणि समोर जवळजवळ अख्खा विरोधी पक्ष अधिक डीयूपी.

आपल्याकडे हे पचायला अवघड जातं कारण आपल्याकडे १९८५ पासून दहावं परिशिष्ट आहे, व्हिप मोडला की खासदारकी-आमदारकीवर गदा. ब्रिटनमधे व्हिप मोडला तर फार फार तर पक्ष निलंबित करतो, जागा कुठे जात नाही. त्यामुळे ११८ जण बिनधास्त उलटू शकले. आणि गंमत नाही, फार महत्त्वाची गोष्ट आहे ही, दुसऱ्याच दिवशी १६ जानेवारीला विरोधी पक्षनेते कॉर्बिन यांनी सरकारवर अविश्वास ठराव आणला तेव्हा हेच सगळे परत येऊन सरकारच्या बाजूने उभे राहिले, ३२५ विरुद्ध ३०६. म्हणजे त्यांना सरकार हवं होतं, करार नको होता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, बहुमत होतं, पण फक्त खुर्चीवर बसून राहण्यापुरतं.

पुढे १२ मार्चला करार परत पडला, ३९१ विरुद्ध २४२. सभापती बर्को यांनी एकच प्रस्ताव परत परत आणता येणार नाही म्हणून १६०४ पासूनचा संकेत काढला. २७ मार्चला बाईंनी १९२२ कमिटीला सांगितलं की करार पास करा, मी जाते. पद पणाला लावलं. त्याने बोरिस जॉन्सन आणि रीस-मॉग वळले, पण २९ मार्चला, ज्या दिवशी खरं तर बाहेर पडायचं होतं त्याच दिवशी, ३४४ विरुद्ध २८६ असा तिसऱ्यांदा पडला. पक्षाचे ३४ अजून विरोधात, त्यातले २८ कट्टर ब्रेक्झिटवाले, त्यांना नंतर स्पार्टन म्हणायला लागले, त्यात सुएला ब्रेव्हरमन आणि प्रीती पटेल दोघी. डीयूपीचे दहाही विरोधात. ते ३४ आणि १० फिरले असते तर करार पास होता. मला आजही वाटतं की डिसेंबरला बंडखोरांनी घाई केली. जानेवारीच्या त्या हारीनंतर पत्रं दिली असती तर बाई त्याच आठवड्यात गेल्या असत्या. त्यांनी आपला वर्षाचा एकमेव बार आधीच उडवून टाकला आणि मग नियमाने हात बांधले गेले.

एप्रिलमधे १९२२ कमिटीच्या कार्यकारिणीत दुसऱ्या ठरावासाठीची वर्षाची मुदत बदलायची चर्चा झाली पण तेव्हा बदलली नाही. युरोपमधून बाहेर पडायची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली, त्यामुळे ब्रिटनला २३ मे रोजी युरोपियन संसदेची निवडणूक घ्यावी लागली, जिथून बाहेर पडायचं तिथलीच. बाईंनी २१ मे रोजी शेवटचा प्रयत्न म्हणून विधेयकात दुसऱ्या सार्वमतावर मतदानाची सोय ठेवली आणि त्यावरून स्वतःचं मंत्रिमंडळच फाटलं, अँड्रिया लेडसम यांनी २२ ला राजीनामा दिला. २४ मे रोजी सकाळी ब्रेडी भेटून गेले आणि त्यानंतर बाई दारात येऊन म्हणाल्या ७ जूनला नेतेपद सोडते. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फुटला. युरोपियन निवडणुकीचा निकाल नंतर आला, त्यात हुजूर पक्ष पाचवा.

म्हणजे वर्षभराच्या संरक्षणाचा नियम शेवटपर्यंत जागेवर होता, कोणी मोडला नाही. पण त्याने फक्त पक्षातलं मतदान थांबतं, सभागृहातली हार नाही थांबत, मंत्री जायचे थांबत नाहीत. हेच जॉन्सन यांच्या बाबतीत बघा, ६ जून २०२२ ला २११ विरुद्ध १४८ असं जिंकले, म्हणजे मे बाईंपेक्षा वाईट टक्केवारीने, आणि ७ जुलैला, मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागल्यावर, त्यांनाही जातो म्हणून सांगावं लागलं.