रस्त्याचं बजेट झालंय की नाही?

प्रश्न : आमच्या वस्तीवरच्या रस्त्याचा विषय काढला की सरपंच म्हणतात, "बजेट झालंय." ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात, "बजेट नाही." दोघंही भर ग्रामसभेत सांगतात. खोटं कोण बोलतंय?
— एक वाचक, ता. सांगोला

उत्तर : दादा, बहुतेक दोघंही खरं बोलताहेत. माझी उभी नोकरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात गेली. गावात तीन वेगळ्या गोष्टींना बजेट म्हणतात आणि अर्धी भांडणं तिथूनच लागतात.

सरपंच बोलताहेत ते बहुधा इस्टिमेटबद्दल. शाखा अभियंता टेप लावून लांबी-रुंदी घेतो, मुरूम किती, खडी किती ते मांडतो आणि दरसूचीप्रमाणे, म्हणजे सरकारी दरांच्या यादीप्रमाणे, रक्कम काढतो. सरकारी कागदावर यालाही 'अंदाजपत्रक'च लिहितात. रस्त्याला किती लागतील एवढंच त्यात असतं, पैसे कुठून येणार ते नसतं.

दुसरं म्हणजे ग्रामपंचायतीचं वर्षाचं अंदाजपत्रक, नमुना नंबर 1. एप्रिल ते मार्च. जमेला आरंभीची शिल्लक, घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी, गाळेभाडं, अनुदानं. खर्चाला पगार, वीजबिल, दुरुस्ती, बांधकाम. तुमच्या रस्त्यासाठी इथे रक्कम धरलेली असेल तर तिला तरतूद म्हणायचं.

पण ती तरतूद कशाच्या जोरावर धरलीय ते बघा. समजा गावाची घरपट्टीची मागणी थकबाकीसह 6 लाख आहे आणि दरवर्षी वसूल होतात 3 लाख. अंदाजपत्रकात जमेला पुरते 6 लाख धरले की खर्चाच्या बाजूला वस्तीचा रस्ता, स्मशानभूमीचं शेड, व्यायामशाळा सगळं बसतं. ग्रामसभेत वाचून दाखवलं की लोक खूश. मार्चअखेर वसुली 3 लाखांचीच राहते आणि पगार, वीजबिल भागवून रस्त्याला काही उरत नाही. हे मी गावोगाव पाहिलंय आणि मला याची चीड आहे; लोकांना वर्षभर आशेवर ठेवणं बरं नव्हे.

त्यातही स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. ते वळवून रस्ता करा असं कुणी म्हणालं तर तुम्हीच विरोध करा.

तिसरं, खात्यावरचा पैसा. भाऊसाहेबांचं "बजेट नाही" म्हणजे निधी जमा झालेला नाही, किंवा झालाय पण रस्त्याला चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के बंधित होते. ते पाणी आणि स्वच्छतेलाच. म्हणून खात्यावर रक्कम दिसत असूनही रस्त्याला हात आखडता असतो. लोकांना वाटतं पैसे दाबून ठेवलेत, पण रस्ता अबंधित, म्हणजे अशी अट नसलेल्या, रकमेतूनच करावा लागतो.

पुढच्या ग्रामसभेत "बजेट आहे का?" असं विचारूच नका. विचारा : रस्त्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) आहे? प्रशासकीय मान्यता कोणत्या योजनेतून आहे? कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा आदेश) निघालाय का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. नमुना 1 ची नक्कल मागा आणि सोबत मागच्या वर्षीचा नमुना 3, म्हणजे प्रत्यक्ष जमा-खर्च. दोन्ही शेजारी ठेवून घरपट्टीची ओळ ताडून बघा. नक्कल तोंडी मागून मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. वित्त आयोगाचा खर्च ईग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसतो. तिथे राज्य, जिल्हा, तालुका निवडून आपली ग्रामपंचायत काढायची.

आणि तुमच्या घराची घरपट्टी थकलेली असेल तर ग्रामसभेआधी भरून नमुना 10 ची पावती खिशात ठेवा. पहिला उलटा प्रश्न तोच येतो.