घराच्या मधली जागा: अंगण की चौक?

इंदूरच्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या नव्या घराच्या मधोमध आकाशाला मोकळी जागा ठेवली असून नकाशात तिच्यावर ‘कोर्टयार्ड’ असे लिहिले आहे; सासूबाई तिला ‘अंगण’ म्हणतात आणि पुण्याचे मामा ‘चौक’, तर योग्य मराठी शब्द कोणता?

शब्द दोन्ही मराठीच आहेत, परंतु ते एकाच जागेचे नव्हेत. मराठीत अंगण घराबाहेर, बहुधा दारापुढे असते; सडा पडतो तो तिथे. चौक मात्र घराच्या पोटात असतो. संस्कृत ‘चतुष्क’, प्राकृत ‘चउक्क’ या वाटेने आलेल्या या शब्दात ‘चार’ दडलेले आहेत, म्हणून चारही बाजूंनी सोपे, म्हणजे छपराखालचे मोकळे भाग, असलेल्या चौसोपी वाड्यातील मधल्या जागेला तो नेमका बसतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तले ‘चतुःशाल’ घर याच जातीचे. आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या उंच दरवाजातून आत गेल्यावर दालनांनी वेढलेली जी मोकळी जागा लागते, तोही चौकच.

मग सासूबाई चुकल्या काय? तसे मी म्हणणार नाही. हिंदीतला ‘आँगन’ घराच्या आतल्या मोकळ्या जागेलाही सर्रास लावतात आणि माळव्यातल्या मराठीत ती छटा उतरणे स्वाभाविक आहे. उलट ‘चौक’ म्हटले की नव्या पिढीच्या डोळ्यांपुढे वाहतुकीचा सिग्नल येतो. (हिंदीतल्या ‘चौक पूरना’ या प्रयोगात तर चौक म्हणजे मंगलकार्यात पिठाने काढलेली रांगोळी!)

तरीही नकाशात ‘चौक’च लिहावे. फाटकापासून दारापर्यंत जागा सोडलेली असेल, तर अंगण हा शब्द तिच्यासाठी लागेल. दोन्ही जागा अंगण झाल्या, तर कोणती फरशी कुठे बसवायची हे गवंड्याला दर वेळी बोट दाखवून सांगावे लागेल. ‘प्रांगण’ मात्र टाळावे. तो शब्द विद्यापीठाला शोभतो, चार खोल्यांच्या घराला नाही. चौकाभोवतीच्या छपराखालच्या मोकळ्या भागाला ‘सोपा’, छपराच्या कडेवरून ओघळणाऱ्या पाण्याला ‘पागोळ्या’ आणि ते झेलून नेणाऱ्या नळीला ‘पन्हळ’ म्हणता येईल.

चौकावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे घालण्याचा विचार असेल, तर मात्र पावसाचा थेंबही न पडणाऱ्या त्या जागेला मी चौक म्हणणार नाही. तिथे ‘मधला दिवाणखाना’ असे लिहून मोकळे व्हावे.