नकाशा उघडून वाचावं असं मराठी प्रवासवर्णन कोणतं?

माझं मत डोळे झाकून विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ला. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. कारण साधंच होतं, घरावर कर्ज, आणि ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल ही आशा. महूच्या आसपास पोचतो तोच बंडाची बातमी!

मग नकाशावर बोट ठेवून चला : उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी. झाशीला वेढा पडला तेव्हा हे काका-पुतणे शहरातच होते. पुढे काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी खुद्द राणीची गाठ पडते, तो प्रसंग मी कितीदा वाचला असेन. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन स्वारी पायी कोकणात परत.

वाचताना एकच पथ्य पाळा. मोबाइलवरचा हमरस्ता लावू नका, तो उगाच सगळं जवळ आणतो. नद्या आणि घाट दाखवणारा भौगोलिक नकाशा घ्या. नर्मदा पायी ओलांडणाऱ्याला काय वाटलं असेल ते त्यावरच कळतं. अंतरं कोसांत मोजायची. कोस साधारण ३ किलोमीटरचा, पण प्रांताप्रांतात बदलणारा, त्यामुळे फुटपट्टी फार ताणू नये.

आणि हो, चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये छापताना मजकुरात बरेच फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.