आधी काय दिसलं ते लिही

प्रिय,

पळून गेलेल्या सैनिकांना पकडणाऱ्या शिपायांवरच्या ‘डीपी’ या दक्षिण कोरियन मालिकेच्या दुसऱ्या पर्वावर लिहिलेलं पान तू कुणाला दाखवायच्या आतच पुसून टाकलंस. का, तर जो तो म्हणतोय की पहिल्याची सर दुसऱ्याला नाही. वर मला विचारतेस, ‘‘काका, मला आवडलं म्हणजे माझी पारखच कच्ची का?’’

हा प्रश्न मला मुळीच आवडला नाही. तुझ्या पत्रात ‘रडू आलं’ तीनदा आलंय, पण कुठल्या दृश्याला ते एकदाही नाही. अगं, आवडलं-नावडलं हे शेवटी येतं. आधी काय दिसलं ते लिही.

पहिलं पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. ते लोकांच्या मनात का राहिलं? भिंतीतून बाहेर आलेला खिळा आणि त्याच भिंतीवर ढकलला जाणारा रंगरूट, म्हणून. छळ सोसून पळालेला सैनिक चो सोक-बोंग फौजेतल्या पाण्याच्या बाटलीवरचं १९५३ हे साल दाखवून विचारतो की कोरियन युद्धापासून ही बाटलीसुद्धा बदललेली नाही, मग बाकी काय बदलणार; म्हणून. मूळ वेबटून, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, काढणाऱ्या किम बो-तोंग यांनी पळालेल्या सैनिकांना पकडून आणण्याचं हे काम स्वतः केलेलं होतं, त्यामुळे तपशील नेमका बसतो. कथेचा काळ २०१४ चा आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण कोरियाच्या एका तुकडीत शिपाई युन याला सोबत्यांनीच मारहाण करून जिवे मारलं. जूनमध्ये गोसोंगच्या सीमेवर एका सार्जंटने गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. तिथे मुलांना सैन्यात जावंच लागतं. आपल्याकडे ती निवड असते, साताऱ्यासारख्या जिल्ह्यात तर घराण्याचा अभिमान. त्यामुळे तिथल्या एखाद्या प्रेक्षकाला तो खिळा पाहताना आपली बराक आठवते, एखादीला आपला भाऊ. त्यांचं मत तुझ्यापेक्षा वेगळं असणारच. म्हणून तुझं पुसायचं? दोघांनी आपापल्या जागेवरून काय दिसलं ते लिहावं.

आता दुसरं पर्व, जुलै २०२३ चं. तक्रारी मी वाचल्यात आणि त्यातली एक मला पूर्ण पटते. आगगाडीत नायक आन जुन-हो एकटा इतक्या जणांशी लढतो, तो प्रसंग या मालिकेचा नाहीच. पहिल्या पर्वात मार खाल्ला की माणूस मोडायचा, इथे तो उठून पुढे जातो. सीमेवरच्या चौकीतला भाग एकदम भयपटाच्या सुरात जातो, तोही काहींना खटकला. जुन-होचा जोडीदार हान हो-योल आधी बोलायचाच बंद होतो, मग दोघांची ती जोडगोळी, ते टोमणे कमी झाले, याचंही लोकांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. हो-योल झालेला कू क्यो-ह्वान पडद्यावर आला की मी सावरून बसतो.

पण ‘कमी रंगलं’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हे लिहिलं की हो-योलची वाचा का गेली? पहिल्या पर्वाच्या शेवटी सोक-बोंगने स्वतःवर गोळी झाडली, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मालिका त्याची थट्टा काढून घेते, कारण थट्टा करत पुढे जाण्याजोगं आता काही उरलेलं नाही. हे ज्याला दिसलं त्याने खुशाल म्हणावं की मजा कमी झाली. ज्याला दिसलंच नाही त्याच्या मताला घाबरून तू पान पुसलंस, याचा मला राग येतो.

आणि दुसऱ्या पर्वातला तो कोर्टातला खटला. ‘भाषणबाजी’ म्हणून लोक त्यावर तुटून पडले. पहिल्या पर्वात प्रश्न होता, मुलगा कुठे पळाला? दुसऱ्यात आहे, त्याला पळायला कुणी लावलं आणि जाब कोण देणार? २०२१ नंतर तिथे बरंच हललं होतं. सैनिकांना मोबाइल आधीच मिळाले होते. लष्करी न्यायालयांचा कायदा बदलला, आणि सक्तीच्या सेवेतल्या शिपायांकडून पळपुट्यांना पकडवण्याची पद्धतच २०२२ मध्ये संपली. पाठलागाचं ते काम प्रत्यक्षात उरलं नसताना दिग्दर्शक हान जुन-ही यांनी पुन्हा सहा भाग पाठलागच दाखवायचा का? पर्व आलं त्याच्या थोडेच दिवस आधी येचोनच्या पुरात शोधकार्याला उतरवलेला एक तरुण मरीन लाइफ जॅकेटशिवाय वाहून गेला. हुकूम कुणाचा, हाच प्रश्न तिथे देशभर विचारला जात होता. ते कोर्ट या गोष्टीसह पाहा, मग ठरव भाषण लांबलं का. मला नाही वाटत लांबलं. तुला वाटलं तर लिही, पण कुठल्या वाक्याशी तुझं लक्ष सुटलं ते सांगून लिही.

मी इतका हट्टाने का बोलतो? ज्या दैनिकात मी लिहायचो तिथे एकदा फर्मान आलं की परीक्षणाची जागा निम्मी होणार आणि वर तारे द्यायचे. मी म्हटलं, तारे नको, त्या जागेत मला एक दृश्य सांगू द्या. ते ऐकेनात, मीही ऐकेना, सदर बंद झालं. तेव्हा घरातल्यांनीही मलाच ऐकवलं. खंत आहे ती एवढीच की त्यानंतर पाहिलेलं कितीतरी माझ्या वह्यांमध्येच पडून राहिलं. पण तारे दिले नाहीत ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. साडेतीन ताऱ्यांमध्ये तो खिळा कुठे बसतो?

तर पान पुन्हा लिही. रडू आलं ते नेमकं कधी, पडद्यावर कोण होतं, काय बोललं जात होतं की शांतता होती, एवढंच आधी. ‘पहिल्यापेक्षा’ हा शब्द पहिल्या खर्ड्यात नको. रविवारपर्यंत पाठव. आणि ती आगगाडी टाळू नकोस, ती तुला खटकली की नाही हे तू मला अजून सांगितलेलंच नाहीस.

काका