नव्या गटप्रमुखासाठी: एनएसएसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

वर्षाचे 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर, एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, प्रत्यक्ष सहवास एवढाच. बाकीचं नातं व्हॉट्सअ‍ॅपवर सांभाळावं लागतं. सूचनांचा ग्रुप वेगळा काढ आणि तिथे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग कर. गप्पांना दुसरा ग्रुप. नाहीतर श्रमदानाची वेळ वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. कोण येणार, ते पोल टाकून विचार.

कुणी आलं नाही, तर ग्रुपवर नाव घेऊन जाब कधीच विचारू नकोस. सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेलं मूल पुन्हा यायला कचरतं. सरळ फोन कर. बऱ्याचदा घरचं काम, बसभाडं, परीक्षा असंच काहीतरी निघतं. निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही, म्हणजे राग आहे असंही धरू नकोस.

ग्रुपमुळे मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, हे लक्षात असू दे. त्यावरून कुणी खासगीत त्रास दिला, तर आपसात मिटवू नकोस. त्याच दिवशी कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांग. आणि काम झालं की फोटो टाकण्याआधी राबणाऱ्यांची नावं लिही, स्वयंपाकाच्या गटाचीसुद्धा. ती हमखास राहून जातात.