आईनं भाकरी काहून थापायला घेतली?

वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरं

प्रश्न : गुरुजी, सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. माझी लेकरं धडा खडाखडा वाचतात. खालचे प्रश्नही सोडवतात, कारण उत्तराची ओळ कुठं आहे ते त्यांना बरोबर सापडतं. पण ‘तिला असं का वाटलं असेल?’ एवढं विचारलं की वर्ग गप्प. बदल म्हणून एक विज्ञानकथा वाचून दाखवली, तर “बाई, हे खरंय का?” एवढं विचारून सगळे मोकळे झाले. विज्ञानकथेतून आकलन शिकवता येतं का? कुठून सुरुवात करू?
— एक शिक्षिका, गंगाखेड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली ‘उत्तराची ओळ सापडते’ ही गोष्ट मी नोकरीची सगळी वर्षं पाहिली. धड्यात बैल, विहीर, बाजार असला की निम्मं लेकराला आधीच ठाऊक असतं. उरलेलं ओळीत बोट ठेवून मिळतं. विज्ञानकथेत तसं चालत नाही. तिथलं जग लेकरानं पाहिलेलं नसतं, त्या जगाचे नियम लेखकानं वाक्यावाक्यांत लपवून ठेवलेले असतात, आणि ते मजकुरातूनच हुडकावे लागतात. म्हणून आकलन शिकवायला मला विज्ञानकथेइतकं चांगलं साधन दुसरं मिळालं नाही.

सुरुवातीला मी एक मोठी चूक करायचो. कथा वाचण्याआधी फळ्यावर सूर्यमाला काढायची, ग्रहांची नावं पाठ करून घ्यायची, अवघड शब्दांचे अर्थ सांगून टाकायचे. कथेची पाळी येईपर्यंत लेकरांना शोधायला काही उरतच नसे. नंतर ते सगळं बंद केलं आणि स्वतःच छोटे उतारे लिहायला लागलो. त्यातला एक देतो, खुशाल वापरा.

*रात्री आईनं पडद्यासमोर बसून विचारलं, “सोनू, जेवलास का रे?” मग ती उठली. परातीत पीठ घेतलं, चुलीवर तवा ठेवला. आठवी भाकरी टोपल्यात पडली तेव्हा पडद्यावरून सोनूचा आवाज आला, “हो आई, आत्ताच. तू काय करतेस?” त्याच्या पायाशी तांबडी धूळ होती. बोलता बोलता त्यानं ५० किलोचं पोतं काखेत मारलं आणि बाजूला ठेवलं. आई म्हणाली, “भाकरी थापत होते.” आणि तिनं भाजी चिरायला घेतली.*

एवढंच. दोनदा वाचायचं, मध्ये काही समजावून सांगायचं नाही. आधी विचारा, आईनं काय विचारलं? सगळे हात वर येतील. मग विचारा, प्रश्न विचारल्यावर लगेच ती भाकरी काहून थापायला बसली?

माझ्या वर्गात आधी शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, “भूक लागली असंल.” दुसरा म्हणाला, “सोनू रुसला असंल.” तिसऱ्यानं सांगितलं, “गुरुजी, रेंज नसंल.” हे उत्तर अर्ध्या वर्गाला पटलं. आपल्याकडं फोन लावायला गच्चीवर चढावं लागतं, त्यांना तेच आठवणार. मी चूक-बरोबर काही बोललो नाही. फक्त विचारलं, “कशावरून?” आणि पुन्हा उताऱ्याकडं पाठवलं. मागच्या रांगेतली, एरवी तोंड न उघडणारी एक पोरगी उभी राहिली. “गुरुजी, रेंज नसती तर माय ‘हॅलो हॅलो’ करत बसली असती. ही निवांत उठली. हिला माहितीय उत्तर उशिरानं येतंय.”

ताई, ‘उत्तर उशिरा येतं’ असं उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नाही. आई निवांत उठली, एवढ्यावरून त्या पोरीनं ते काढलं.

मग प्रश्न आला, उशीर किती? त्या दिवशी गृहपाठ दिला : घरी एका भाकरीला किती वेळ लागतो ते मोजून या. दुसऱ्या दिवशी कुणी दोन मिनिटं सांगितली, कुणी चार. आम्ही तीन धरली. आठ भाकरी म्हणजे २४ मिनिटं. आईचा प्रश्न जायला १२ आणि सोनूचं उत्तर यायला १२. आता कुठं मी विज्ञान सांगितलं. संदेश प्रकाशाच्या वेगानं जातो, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. चंद्रापर्यंत त्याला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. लगेच एक जण म्हणाला, “मग सोनू चंद्रावर नाय. तेवढ्यात तर परात पण खाली घेता येत नाय.” मंगळ आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर सारखं बदलतं, त्यामुळं तिथं संदेश पोचायला सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. आमची १२ मिनिटं त्यात बसली. तांबडी धूळ मंगळाची, लोखंडाच्या गंजामुळं तांबडी. आणि पोतं? मंगळावर वजन पृथ्वीच्या साधारण ३८ टक्के भरतं, म्हणजे ५० किलोचं पोतं उचलायला १९ किलोसारखं लागतं. तीन खुणा वेगवेगळ्या ओळींत होत्या, लेकरांनी त्या एकत्र बांधल्या.

‘हे खरंय का?’ या प्रश्नाला टाळू नका. त्यालाच कामाला लावा. वहीत दोन रकाने करायचे, एक खऱ्याचा आणि एक लेखकानं कल्पलेल्याचा. संदेशाला लागणारा वेळ पहिल्या रकान्यात, मंगळावर राहणारा सोनू दुसऱ्या. भांडणं होतील, होऊ द्या. फक्त प्रत्येकानं ‘कशावरून’ सांगायचं.

शेवटी पुढच्या तीन ओळी लिहायला सांगा. अट एकच, कथेतला नियम मोडायचा नाही. एकानं लिहिलं, ‘सोनू पडला, “आई गं” म्हणाला, आई लगेच दचकली.’ दोघातिघांनी त्याला तिथंच अडवलं : लगेच कशी? बारा मिनिटांनी दचकंल. त्यावर वर्ग एकदम गप्प झाला. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या चार लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले होते, लेकरं आजीजवळ. त्यातला एक हळूच म्हणाला, “माझी माय पण फोन लागला की पहिलं हेच विचारती, जेवलास का.” त्यानंतर मी प्रश्न विचारले नाहीत. उतारा आणखी एकदा वाचला.

एक सांगतो, असा उतारा आठवड्याला एकच घ्या. परीक्षेसाठी त्याचे गुण ठेवू नका. गुण आले की लेकरं पुन्हा उत्तराची ओळ शोधायला लागतात.

प्रश्न : नातू सातवीत आहे. विज्ञानकथा वाचतो आणि त्यातलं सगळं खरंच समजतो. वाचन थांबवावं का?
— एक आजोबा, औंढा नागनाथ

उत्तर : अजिबात थांबवू नका, आजोबा. वर सांगितलेले दोन रकाने त्यालाही करायला लावा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला एक कथा पाठवली, तिचं नाव ‘कृष्णविवर’, म्हणजे जिच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही अशी आकाशातली वस्तू. तिला पहिलं बक्षीस मिळालं. आणि १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या यंत्रांनी दोन खऱ्या कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातलाच बारीक हेलकावा, टिपली. ती टक्कर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची. तसंच यंत्र आता तुमच्या औंढ्याजवळ उभं राहणार आहे, काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं. नातवाला त्या बाजूला घेऊन जा आणि विचारा, ती बातमी आपल्यापर्यंत यायला १३० कोटी वर्षं का लागली? त्यानं काय सांगितलं ते मला जरूर कळवा.