आणखी अलर्ट लावू नका, आधी आहेत ते काढा

सर्व्हर सांभाळणारी सहा जणांची टीम, आळीपाळीने ऑन-कॉल (बिघाड झाला की उठायची पाळी), रात्रभर अलर्टने फोन वाजतो, निम्मे अलर्ट आपोआप शांत होतात आणि मागच्या आउटेजनंतर (सेवा बंद पडल्यावर) मॅनेजर म्हणतात "अजून लावा". तुमचं दुखणं हेच ना?

महिनाभरातले सगळे अलर्ट एका शीटमध्ये काढा. प्रत्येकासमोर एकच रकाना: त्या वेळी उठून नेमकं काय केलं? उत्तर "बघितलं आणि झोपलो" असेल, तर त्याचं सकाळचं तिकीट करा. चॅट चॅनेलवर मात्र ढकलू नका. चॅनेल सगळे म्यूट करतात आणि पोस्टमॉर्टेममध्ये (बिघाडानंतरच्या चौकशीत) "अलर्ट आला होता की" हे ऐकावं लागतं.

पहिला बळी 'सीपीयू ८० टक्के' हा अलर्ट. सीपीयू घेतलाय तो वापरायलाच. युजरला काय खटकतंय ते मोजा: एररचं प्रमाण आणि रिस्पॉन्स टाइमचा ९९वा पर्सेंटाइल (९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत उरकतात ती वेळ). सरासरीच्या नादी लागू नका. शंभरातल्या ९८ रिक्वेस्ट ५० मिलिसेकंदांत आणि २ पाच सेकंदांत गेल्या, तर सरासरी येते १४९ मिलिसेकंद. डॅशबोर्ड हिरवागार, आणि तक्रारी त्या दोघांच्याच.

डिस्कची टक्केवारीही तशीच फसवी. २ टीबीवर ९० टक्के भरली तरी २०० जीबी शिल्लक असते. २० जीबीच्या रूट पार्टिशनवर (डिस्कचा सिस्टिम असलेला भाग) उरतात २ जीबी, आणि कोणी डीबग लॉग (प्रोग्रॅमची बारीकसारीक नोंद) चालू ठेवून घरी गेला असेल तर तेही जातात. भरण्याचा वेग बघा. प्रॉमिथियस या मॉनिटरिंग टूलमध्ये 'प्रेडिक्ट_लिनिअर' हे फंक्शन आहे: गेल्या सहा तासांचा कल पाहून पुढच्या चार तासांत डिस्क भरणार असेल, तरच माणसाला उठवा.

रनबुकमध्ये (अलर्ट आल्यावर काय करायचं त्याच्या लेखी सूचना) हेही लिहा: लॉग फाइल 'आरएम' कमांडने उडवायची नाही. प्रोसेसने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. मग 'डीयू' (दिसणाऱ्या फाइलींची बेरीज) एक आकडा सांगतं, 'डीएफ' (डिस्कवर व्यापलेली जागा) दुसराच, आणि झोपेतला माणूस चक्रावतो. अशी फाइल 'एलएसओएफ +एल१'ने सापडते. प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. त्यापेक्षा फाइल ट्रंकेट करणं (न उडवता आतून रिकामी करणं) बरं. 'डीएफ -आय'ही बघा. बारक्या सेशन फाइल्सनी आयनोड (दर फाइलमागे लागणारी नोंद) संपले, तरी एरर 'नो स्पेस लेफ्ट' हीच येते.

वेबसाइटच्या एचटीटीपीएस सर्टिफिकेटची मुदत चालू सर्व्हरच्या पोर्टला जोडून तपासा, डिस्कवरच्या फाइलवरून नाही. फाइल नवी आली, पण वेब सर्व्हर रीलोड करायचा राहिला, हा नेहमीचा घोळ.

राहिले मॅनेजर. त्यांच्याशी झोपेबद्दल बोलू नका, आकडे मांडा. ३० दिवसांत सेवा ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा, ९९.९९ म्हणजे साधारण सव्वाचार मिनिटं, आणि स्लाइडवर शोभणारे ते पाच नऊ (९९.९९९) म्हणजे २६ सेकंद. तेवढ्यात चष्मासुद्धा सापडत नाही, व्हीपीएनचा ओटीपी तर दूरच. पाच नऊ हवेत तर आपोआप होणारं फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम उचलणं) लागेल. त्याचं बजेट कोण मंजूर करणार, एवढंच विचारा.

यापुढे नवा अलर्ट लावणाऱ्याने सोबत रनबुक लिहायचं आणि पहिला आठवडा ऑन-कॉल स्वतः घ्यायचा. हौशी अलर्ट इथेच गळतात.